होडीत कोण, काठावर कोण

पाण्यात असताना बोलता येत नाही, नाकातोंडात पाणी जातं. त्यामुळे आमच्या पोहण्याच्या लेडीज बॅचमधल्या बायका काठाला लागल्या की आतमध्ये तुंबलेलं सगळं एकदम बोलून टाकतात. किस्से साठतात ते असे! त्यात मी काठावर जास्त असते, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. लहानपणी माझ्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. कानात बोळे घालून छातीएवढ्या पाण्यात मी छान पोहते. त्याच्या खाली जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि खरं सांगू का, मलाही खाली जायची घाई नाही.

आमचा पूल कांदिवलीला. बॅच दुपारची. नवरे कामावर, मुलं कॉलेजात, आणि आम्ही पाण्यात!

*

सुरुवात वैजूपासून करते. वैजू माझी शेजारीण. माहेर मालवणजवळ, अगदी समुद्राला लागून. अंगण संपलं की वाळूच सुरू होते.

पहिल्या दिवशी कोच मॅडमनी सगळ्यांना गाव विचारलं. वैजूचं ऐकून त्या खूश झाल्या. "मालवण? मग तुम्ही सरळ खोल पाण्यात चला!"

"मॅडम, मला पोहता येत नाही."

"अहो, समुद्राकाठी वाढलात ना?"

"हो, काठावरच वाढले," वैजू म्हणाली. "आत कोणी सोडलंय?"

आम्ही सगळ्या हसलो. ती मात्र हसली नाही. आज आमच्यात सगळ्यात मोठा दम वैजूचा आहे. कोच मॅडम नव्या बायकांना तिच्याकडे बोट दाखवून सांगतात, "बघा, असे पाय मारा!" समुद्रापासून चार पावलांवर जन्मलेली बाई कांदिवलीच्या क्लोरीनच्या पाण्यात पोहायला शिकली!

*

पूलमध्ये दागिने घालायला बंदी. मग सगळ्यांची मंगळसूत्रं माझ्या स्टीलच्या डब्यात. मी काठावरची, म्हणून विश्वासाची.

एकदा सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनाच घाई होती, मी डब्यातून भराभर वाटली. दुसऱ्या दिवशी कोणाला कळलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वैजूचं मंगळसूत्र हंसाबेनच्या गळ्यात आणि हंसाबेनचं वैजूच्या! हंसाबेन म्हणजे आमची गुजराती मैत्रीण, जन्म कांदिवलीचा, मराठी आमच्यापेक्षा जोरात. त्यांच्या पदकात हिरे, वैजूच्या दोन साध्या वाट्या. दोघींच्या नवऱ्यांनी समोर बसून जेवण केलं, टीव्ही बघितला, भांडणसुद्धा केलं. एकालाही पत्ता नाही!

शेवटी ओळखलं ते वैजूच्या भाजीवाल्याने. "क्या भाभी, साहबने नया बनवाया?"

हंसाबेन म्हणाल्या, "आता मी रोज बदलून घालणार. बघू तर खरं, आमच्या ह्यांना कधी कळतंय!"

*

पुष्पा कांबळे आमच्यातली सगळ्यात मोठी. मूळची गोवंडीची, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली. आवाज असा की वॉर्डाच्या ह्या टोकाचा पेशंट त्या टोकाला जागा होईल. पण पाण्यात उतरली की काठाचा रॉड काही सोडायची नाही.

कोच मॅडम तिला रोज समजवायच्या. "पुष्पाताई, सोडा हात. घाबरू नका, काही होणार नाही!"

एके दिवशी पुष्पाचा संयम सुटला. "मॅडम, सुई टोचायच्या आधी मी आयुष्यभर हेच वाक्य बोलत आले. काय होतं ते मला चांगलं माहितीय!"

कोच मॅडमनी त्या दिवसापासून वाक्य बदललं. आता त्या म्हणतात, "जरा होईल. पण सोडा." आणि पुष्पाने खरंच रॉड सोडला!

*

आता मुख्य गोष्टीकडे येते. हंसाबेनना मोबाईलवर एक व्हिडिओ आला. होडीतून समुद्रात जायचं, पाठीला सिलिंडर लावायचा आणि पाण्याखाली बुडी मारून रंगीत मासे बघायचे. मालवणचाच होता. काठावर आम्ही सगळ्या त्या फोनवर वाकलो. होडी चालवणारा माणूस कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होता.

वैजू म्हणाली, "हा माझा भाऊ. नंदू."

एकच गोंधळ! "अगं, घरचीच होडी? आणि आम्हाला आत्ता सांगतेस?" "कधी जायचं?" "डिस्काउंट!"

"तुम्ही जा ना," वैजू म्हणाली. "मी येईन तुमच्याबरोबर. पण काठावर थांबेन."

"का?"

"आमच्या घरचा रिवाज आहे. घरच्या बाईने होडीत पाय ठेवायचा नाही. ठेवला तर मासळी लागत नाही म्हणतात."

पुष्पाने डोळे मोठे केले. "पण आता त्या होडीतून मासे पकडत नाहीत ना? बघतातच फक्त!"

"ते आईला सांग," वैजू म्हणाली आणि तिने विषय बदलला.

कपडे बदलायच्या खोलीत मात्र ती केस पुसता पुसता माझ्याशी बोलली. "सुमनताई, ती होडी बाबांची. बाबा गेले, मग नंदूने जाळी काढून तिला बाकं बसवली. लहानपणी मी रोज ती लांब जाताना बघायचे. किल्ल्याच्या पलीकडे वळली की दिसायची नाही. वाटायचं, तिथे काय असेल? नंदू सहा वर्षांचा असताना बाबांबरोबर जाऊन आला. मी त्याची मोठी बहीण. मी अजून गेले नाही."

 मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि डबा उघडून तिचं मंगळसूत्र तिला दिलं. ह्या वेळी नीट बघून!

*

जायचं ठरलं आणि ग्रुपवर प्रश्न पडला, 'होडीत कोण, काठावर कोण?' पुढचे कितीतरी दिवस सगळ्यांचं उत्तर एकच. 'बघू.' सकाळी होडीत असलेली बाई संध्याकाळी काठावर. जेवणात नवऱ्याने काही टोमणा मारला की परत होडीत!

हंसाबेनचे यजमान म्हणाले, "तुला बाथरूममध्ये पाल दिसली तरी मला हाक मारतेस. खाली कोणाला हाक मारणार?" हंसाबेन त्याच क्षणी पक्क्या झाल्या.

खाली नाक बंद असतं आणि श्वास तोंडाने घ्यायचा असतो, हे कोच मॅडमनी सांगितलं होतं. मग प्रॅक्टिस सुरू. हंसाबेन नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून घरात वावरायच्या. चिमटा लावूनच पोळ्या केल्या, चिमटा लावूनच देवपूजा. त्यातच कुरियरवाला आला. दार उघडलं तर समोर चिमटा लावलेली बाई!

त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा हातातल्या पार्सलकडे बघितलं. मग पार्सल लांब धरून विचारलं, "मॅडम, इसमें से बास आ रही है क्या?"

*

आम्ही पोचलो तेव्हा वैजूची आई अंगणात जाळं विणत बसली होती. सुकलेली, ताठ, आणि हसली की पंचवीस वर्षांची दिसणारी म्हातारी. आम्हा सगळ्यांना तिने तोंडभर 'येवा, येवा' केलं.

नंदू आम्हाला माहिती द्यायला लागला. कुठे जायचं, कसं उतरायचं, कोणते मासे दिसतात. हंसाबेन लक्ष देऊन ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "नंदूभाई, एक रिक्वेस्ट. खाली गेल्यावर माशांना सांगा, हे शाह लोक आहेत. आम्ही त्यांना कधी खाल्लं नाही!"

नंदूने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आणि बाकीच्यांचं काय सांगू?"

बाकीच्यांनी दुपारीच सुरमई चोपली होती.

*

पुष्पा गप्प बसणारी नाहीच. चहा घेताना तिने विषय काढला. "मावशी, आम्ही सगळ्या होडीत बसलेल्या चालतात. मग वैजू का नाही?"

"तुम्ही पावण्या," आई म्हणाली. "घरच्या बायलमाणसान होडीत पाय ठेवूचो नाय."

"पण आता मासे पकडायचे नाहीत!"

"मग काय झाला? होडी तीच आसा ना?"

"तुम्ही स्वतः कधीच नाही बसलात?"

"मी?" म्हातारी अशी हसली, जसं कोणी तिला विमान चालवतेस का विचारलंय. "लग्न होवन ह्या घरात इलंय तेव्हापासून होडी वाळूतसून ढकललंय. बसाक कोण सांगता?"

वैजू आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता.

पुष्पाने बराच वेळ वाद घातला. शेवटी आई म्हणाली, "माका विचारू नको. देवाक विचारूया. तो काय सांगात ता खरा."

*

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गावच्या देवळात देवाच्या पाषाणाला पाण्याने दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे मोठ्याने प्रश्न मांडतो, आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. उजवीकडची पाकळी पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही.

हंसाबेनना हे फार आवडलं. गुरव थांबला रे थांबला की त्या सगळ्यांच्या आधी "व्हय म्हाराजा!" करायच्या. गुरव म्हणाला, "जरा बाजूक सरा, उजेड अडता."

"व्हय म्हाराजा!" हंसाबेन.

मग गुरवाने विचारलं. ह्या घरची लेक बापाच्या होडीत बसून समुद्रात जाऊ मागते, जाऊ दे काय?

देऊळ शांत. बाहेर माडाची झावळी वाऱ्याने खरखरत होती, तेवढाच आवाज. वैजूने डोळे मिटले होते. मी पाकळ्यांकडे बघत होते.

डावी पडली.

 वैजूने डोळे उघडले, पाकळी बघितली, नमस्कार केला. "चला," म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा होता, म्हणूनच मला कसंतरी झालं.

हंसाबेन माझ्या कानात कुजबुजल्या, "बेस्ट ऑफ थ्री नाही होत का?"

आणि पुष्पा पुढे झाली. "मावशी, माझा कौलावर विश्वास नाही. आमच्याकडे हे नसतं. पण दवाखान्यात एक शिकलेय. प्रश्न चुकीचा विचारला की उत्तर चुकीचंच येतं. पोटात दुखतंय का विचारलं की पेशंट नाही म्हणतो. जेवण जातंय का विचारलं की रडायला लागतो."

"मग?" आई म्हणाली.

"घरची लेक म्हणून विचारलंत. देवाने घरचा नियम सांगितला. वैजू आता घरची आहे का? तिचं रेशन कार्ड कांदिवलीचं. आमच्याबरोबर आली, आमच्याबरोबर जाणार."

म्हातारीने वैजूकडे बघितलं, देवाकडे बघितलं. मग गुरवाला म्हणाली, "परत घाल गाऱ्हाणा. नीट सांग."

गुरवाने पाकळ्या पुन्हा लावल्या. "बा देवा म्हाराजा! ही मुंबैच्या कांदिवलीची पावणी…"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी पुष्पाचा आवाज सगळ्यात मोठा होता.

"…चार मैत्रिणींबरोबर समुद्र बघूक इली हा…"

"व्हय म्हाराजा!"

"…तिका नेवन सुखरूप परत हाडूची परवानगी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हा—"

उजवी पडली. आमचं 'म्हाराजा' पूर्ण व्हायच्या आत!

*

पण म्हातारी पक्की. देवाने पावणी म्हणून परवानगी दिली, तर होडीतून उतरेपर्यंत वैजू पावणीच! त्या रात्री तिला माहेरच्या घरात झोपायची परवानगी नाही. ती आमच्याबरोबर लॉजवर.

सकाळी चहाला गेलो तेव्हा आईने वैजूला आमच्यासारखाच फुलांचा कप दिला, बशीसकट. आयुष्यात वैजूला त्या घरात बशी मिळाली नव्हती!

"म्याडम, साखर किती घालू?" आई म्हणाली.

आम्ही खो खो हसलो. वैजूही हसली, हसता हसता तिचे डोळे भरले. "दोन चमचे," ती म्हणाली, "तुमका म्हायत आसा."

"पावण्यांचा माका कसा म्हायत असतला?" आईने विचारलं आणि वैजूला लहानपणापासून लागतात तसे तीन चमचे घातले.

नंदूलाही सक्त ताकीद होती. बहिणीला ताई म्हणायचं नाही, मालवणी बोलायचं नाही. टुरिस्टांशी जसं हिंदीत बोलतो तसंच बोलायचं. बिचारा होडीपाशी लाजून लाल झाला होता.

"मॅडम, लाइफ जॅकेट का पट्टा टाइट करने का. होडी में खडा नहीं रहने का. फोटो बैठ के निकालने का."

"ठीक है भैया," वैजू म्हणाली. आणि तिने बाबांच्या होडीत पाय ठेवला.

*

मी काठावर थांबले. माझं कधीच ठरलं होतं. कान आहेत ते आहेत, आणि वाळूत बसून वाट बघणं मला मनापासून आवडतं. शेजारी वैजूची आई येऊन बसली, पण समुद्राकडे पाठ करून.

"होडी जाताना बघूची नाय आमी सुनांनी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दिसता काय गो?"

"दिसते. वैजू पुढे बसलीय."

"धरून बसली हा?"

"हो."

"आता?"

"किल्ल्यापाशी आहेत."

"आता?"

"वळली. आता दिसत नाही."

म्हातारी हाताने वाळू सपाट करत राहिली, परत विस्कटत राहिली. मला वाटलं घाबरली असेल. म्हणून म्हटलं, "मावशी, नंदू आहे ना बरोबर. काळजी करू नका."

"काळजी नाय गो," ती म्हणाली. "थय पलीकडे काय आसा?"

"मला कुठे माहीत?" मी म्हणाले.

"माका पण नाय," म्हातारी म्हणाली.

*

परत आल्यावर काठावर नेहमीसारखंच सगळ्या एकदम बोलायला लागल्या! हंसाबेनना पिवळे पट्टेवाले मासे दिसले, ते त्यांचा हात हुंगून गेले आणि शाह आडनाव ऐकल्यासारखे निवांत फिरले. पुष्पाने होडीवरच्या बुडी शिकवणाऱ्या पोराचा हात इतका घट्ट धरला होता की तो वर येऊन बोटं मोजत होता.

वैजू सगळ्यात शेवटी उतरली. केस ओले, गालावर मास्कचा वण. आई तिच्यासमोर उभी राहिली. "काय बघितलंस?"

"आये," वैजू म्हणाली, "खाली आवाजच नाय गो. कोण हाक मारीत नाय. नुसतो आपलो श्वास आयकाक येता."

म्हातारी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पदराने तिच्या कपाळावरचं पाणी टिपलं.

मग म्हणाली, "होडीतसून उतारलंस मा? आता तू पावणी नाय. चल, कोळंबी सोलूक बस!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची निघायची तयारी चालली होती. वैजूची आई घरात नव्हती. देवळात गेली असेल, असं शेजारीण म्हणाली. बराच वेळ झाला तरी ती आली नाही म्हणून आम्ही नंदूला घेऊन शोधायला निघालो. देवळात गुरव म्हणाला, "पहाटे येवन गेली." कौल लावला का, कसला लावला, काय पडला, ते त्याने सांगितलं नाही.

वाळूवर आलो आणि नंदू जागच्या जागी उभा राहिला.

म्हातारी होडीत बसली होती. पुढच्या बाकावर, सरळ ताठ, नऊवारीवर नारिंगी लाइफ जॅकेट, त्याचे सगळे पट्टे आवळलेले. दोन्ही हातांनी बाक धरलेला. आणि तोंड समुद्राकडे.

"आये?" नंदूच्या तोंडून एवढंच निघालं.

तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"बघतंस काय असो? हिंदीत सांग!"